न संपणारी विक्री

अ‍ॅपल कंपनीच्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरमध्ये खात्याच्या सदराखाली दोन आज्ञा शेजारी शेजारी नांदत असतात: एक संगणक अधिकृत करण्याची आणि दुसरी तो अनधिकृत करण्याची. बहुसंख्य ग्राहकांची नजर त्यांवर कधी जात नाही. ज्यांची जाते त्यांची ती बहुधा अडचणीच्या वेळीच जाते, म्हणजे जुना संगणक बंद पडून नवा घरात आलेला असतो, २००९ पूर्वी पैसे मोजून घेतलेली गाणी त्यावर उतरवून झालेली असतात, आणि पहिलेच गाणे लावू जाता पडद्यावर असा जबाब येतो की, या खात्यावर पाच संगणक पूर्वीच अधिकृत झालेले असल्याकारणाने सहाव्यास परवानगी देता येत नाही. मग ते पाच कोणते याचा शोध सुरू होतो. एखादा विकून टाकलेला असतो, एखादा सुटलेल्या नोकरीच्या कचेरीत राहिलेला असतो, आणि एखादा तर असा असतो की त्याची हार्ड डिस्क बदलल्यामुळे तो एकच संगणक नोंदवहीत दोन म्हणून बसलेला असतो.

या अडचणीचे निवारण अवघड नाही. खात्याच्या पानावर जाऊन सर्वच संगणक एकदम अनधिकृत करण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, आणि त्यानंतर हाताशी असतील तेवढे पुन्हा अधिकृत करून घेता येतात. मात्र ही सोय वर्षातून एकदाच मिळते. आणि निवडून एखादाच गतप्राण संगणक यादीतून वगळावयाचा म्हटले तर तो चालू करून त्याच्यावरूनच वगळावा लागतो, जे गतप्राण यंत्राच्या बाबतीत कसे साधावे याचे उत्तर नियमांत नाही. त्याहूनही नवलाची गोष्ट अशी की, किती संगणक अधिकृत आहेत एवढा आकडा ग्राहकास पाहावयास मिळतो, परंतु ते कोणते याची नावनिशी मिळत नाही. ज्याच्या मालाची ही नोंदवही, त्यालाच ती उघडून वाचण्याची मुभा नसावी आणि तरीही तिच्यातील जमाखर्चाचा मेळ राखण्याची जबाबदारी मात्र त्याचीच असावी, ही रचना ज्याने प्रथम योजली त्याला ती चमत्कारिक वाटली नसेल काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

या क्षुल्लक कटकटीच्या बुडाशी एक मोठे तत्त्व निमूटपणे बदलून गेलेले आहे, आणि ते विक्रीविषयीचे आहे. विक्रीचा सर्वांत मोलाचा गुण असा की ती संपते. किंमत चुकती झाली, माल हाती आला, की घेणाऱ्याच्या घरात डोकावण्याचे विकणाऱ्यास काही कारण उरत नाही. मग घेणाऱ्याने तो माल वापरावा, माळ्यावर टाकावा, मित्रास द्यावा, मोडीत काढावा किंवा मुलांसाठी मागे ठेवावा. व्यापाराने माणसाला जे स्वातंत्र्य दिले त्यातील मोठा भाग या समाप्तीत आहे. ज्या व्यवहारात पैसे देऊन झाल्यावरही दर नव्या यंत्रागणिक विकणाऱ्याच्या दप्तरी अर्ज गुदरावा लागतो, तो व्यवहार किंमत विक्रीची घेतो आणि संबंध मात्र मालक-कुळाचा ठेवतो. माझी तक्रार पाच या आकड्याविषयी नाही. दप्तर कोणाच्या हाती आहे आणि ते कधी बंद होणार आहे, याविषयी आहे.

हा व्यवहार सुरू झाला तो २८ एप्रिल २००३ रोजी, अमेरिकेत. त्या दिवशी आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले, सुमारे दोन लाख गाणी प्रत्येकी ९९ सेंटला विकावयास ठेवण्यात आली, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाखांवर गाणी खपली. त्यापूर्वीच्या तीन-चार वर्षांत नॅपस्टरसारख्या मार्गांनी गाण्यांची फुकट देवघेव एवढी फोफावली होती की, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपला माल इंटरनेटवर विकू देण्यास संमती दिली हेच आश्चर्य मानले गेले. ती संमती सशर्त होती. प्रत्येक गाण्यास 'फेअरप्ले' नावाचे कुलूप असावे आणि त्याची किल्ली मोजक्याच यंत्रांना मिळावी, ही ती शर्त. आरंभी ही यंत्रे तीन होती. २००४ च्या एप्रिलात ती पाच झाली, परंतु त्याच वेळी गाण्यांचा एकच क्रम सीडीवर दहा वेळा उतरविता येत असे तो सातच वेळा उतरविता येऊ लागला. वाढ झाली की घट, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मला त्यात एवढेच लक्षणीय वाटते की, नियम बदलण्याचा हक्क एकाच पक्षाने आपल्याकडे राखून ठेवलेला होता आणि दुसऱ्या पक्षाने पैसे आधीच दिलेले होते.

या कुलपाची घडण समजून घेण्याजोगी आहे. विकत घेतलेले गाणे ग्राहकाच्या संगणकावर सांकेतिक रूपात बंदिस्त असे, आणि ते उलगडणारी किल्ली ग्राहकाच्या खात्याशी जखडलेली असे. ग्राहक नव्या संगणकावर आपले नाव आणि पासवर्ड देई, तेव्हा त्या संगणकाच्या अंतर्गत घटकांवरून त्याची एक ओळख तयार होऊन ती कंपनीच्या सर्व्हरकडे जाई. तेथे जागा शिल्लक असेल तर नोंद होई आणि किल्ली परत पाठविली जाई. एकदा किल्ली आली की पुढे रोज विचारणा होत नसे. इंटरनेट नसतानाही गाणे वाजे. आयपॉड कितीही जोडावेत, त्यांची गणना या पाचांत होत नसे. त्या काळातील अन्य दुकानांशी ताडून पाहता ही योजना पुष्कळच उदार होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु यंत्राची ओळख त्याच्या घटकांवरून ठरत असल्यामुळे विंडोजच्या संगणकात स्मृती वाढवावयाची, डिस्क बदलावयाची किंवा विंडोज नव्याने चढवावयाचे, तर आधी तो अनधिकृत करून घ्यावा, असा सल्ला खुद्द कंपनीच देत आली आहे. घराच्या संगणकाची डागडुजी करण्यापूर्वी, त्यावरची गाणी जिथून घेतली त्या दुकानाला वर्दी द्यावयाची! आणि डिस्क काही पूर्वसूचना देऊन निकामी होत नाही.

आपल्याकडे पेशवाईच्या काळात जमीन कसणाऱ्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. सरकारी सारा दोघेही देत, आणि कित्येकदा मिरासदाराचा सारा उपऱ्याहून जडच असे. पण मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा होता. दुष्काळाने किंवा धामधुमीने तो परागंदा झाला आणि पुष्कळ वर्षांनी परतला, तरी गाव त्याची जमीन त्याला नाकारीत नसे. उपरी कौलावर कसत असे. त्याची वहिवाट कौलाच्या मुदतीपुरती असून पुढचा कौल मिळेल की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर राही. उपऱ्यास दुःख होतेच असे नाही. पडीक जमिनीवर कौल उतरत्या दराने मिळे, आणि पुष्कळांना तेच परवडे. पण मिरासीची रक्कम घेऊन हाती उपऱ्याचा कौल ठेवला, असे कोणी केले असते तर ते गोतसभेच्या निवाड्यात टिकले नसते. अधिकृत संगणकांच्या व्यवहारात हेच झाले. ग्राहकाने मोजलेले ९९ सेंट हे कायमच्या हक्काचे मोल होते. त्याच्या हाती आला तो पाच नावांचा कौल.

विकूनही विकले नाही असे म्हणण्याची ही विकणाऱ्यांची हौस काही इंटरनेटच्या युगात जन्मली नाही. पुस्तकांच्या आणि संगीताच्या व्यापारात तर तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो वाचताना आजचीच हकिगत जुन्या पोषाखात पुढे उभी राहिल्यासारखे वाटते. न्यूयॉर्कचे मेसीज हे दुकान चालविणारे स्ट्रॉस बंधू माल स्वस्तात विकण्याबद्दल विख्यात होते, आणि म्हणून मालाच्या उत्पादकांना ते डोळ्यांत सलत. बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' नावाच्या एका कादंबरीत अशी सूचना छापली की, ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकणे म्हणजे ग्रंथस्वामित्वाचा भंग समजला जाईल. मेसीजने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा की, लेखनाच्या प्रती काढून विकण्याचा अनन्य हक्क प्रकाशकाला आहे खरा, परंतु एकदा प्रत विकली गेली की तिच्या पुढच्या विक्रीवर त्याची सत्ता चालत नाही. पुढल्याच वर्षीच्या कायद्यात हे तत्त्व समाविष्ट झाले, आणि जुन्या पुस्तकांची व तबकड्यांची सगळी दुकाने अमेरिकेत त्याच्या आधारावर उभी राहिली.

यावरून धडा घेऊन व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने अधिक चतुर मार्ग काढला. ज्या कुत्र्याचे चित्र 'हिज मास्टर्स व्हॉइस' या नावासह आपल्याकडे घरोघर पोहोचले, तेच चित्र मिरविणारी ही अमेरिकेतील कंपनी. तिने १९१३ पासून आपल्या प्रत्येक ग्रामोफोन यंत्रावर एक परवानापत्र चिकटविण्यास आरंभ केला. त्याचा मथितार्थ असा की, हे यंत्र ग्राहकास विकलेले नसून वापरावयास दिलेले आहे. ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम ही वापराबद्दलची आहे. कंपनीची पेटंटे संपेपर्यंत मालकी कंपनीकडेच राहील. आणि यंत्रावर कंपनीच्याच तबकड्या व कंपनीच्याच सुया वापराव्या लागतील. मेसीजने हाही परवाना धाब्यावर बसविला. १९१७ मध्ये निकाल लागला. तो एकमताचा नव्हता. पण बहुमताने न्यायालयाने या कागदाचे सोंग ओळखले, पूर्ण किंमत घेऊन वस्तू कायमची देऊन टाकल्यावर तिला विक्रीच म्हणावे लागते असे ठरविले, आणि विकलेल्या वस्तूच्या पुढील हस्तांतरास अडसर घालणे हे इंग्लिश न्यायाधीश लॉर्ड कोकच्या काळापासून कायद्यास अप्रिय राहिले आहे, याची आठवण करून दिली. व्हिक्टरच्या परवान्यात आणि फेअरप्लेच्या परवान्यात फरक शोधावयाचा तर एवढाच सापडतो की, १९१७ साली कंपनीला आपली शर्त अमलात आणण्यासाठी न्यायालयात जावे लागत होते, आणि २००३ साली ती शर्त सॉफ्टवेअरच अमलात आणीत होते. न्यायासनापुढे जो दावा हरला असता तो आता न्यायासनापुढे नेण्याची गरजच उरली नाही. अशा कुलपांना हात लावण्यास मनाई करणारा अमेरिकेचा १९९८ चा कायदा तर कंपन्यांच्या बाजूने उभाच होता.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ख्यालांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आज ऐकावयास मिळतात त्या काही केवळ कंपन्यांनी जतन केल्या म्हणून नव्हे. त्या माणसांनी विकत घेतल्या, वारसांनी विकल्या, मुंबईच्या चोरबाजारात त्या पडून राहिल्या, तेथून हौशी संग्राहकांनी त्या उचलल्या, आणि कंपनीचे मालक बदलले, कारखाने बदलले, तरी त्या वाजत राहिल्या. कारण कोणत्याही तबकडीला आपण कोणत्या यंत्रावर फिरत आहोत याची खबर कोणाला द्यावी लागत नव्हती. जुन्या संगीताचे जतन हे विक्रीच्या समाप्तीचेच फळ आहे. कंपनीच्या दप्तरातील नोंदीवाचून जी तबकडी मुकी झाली असती, ती पहिल्याच दिवाळखोरीनंतर भंगारात गेली असती.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात वजन आहे. तबकडी दिली की देणाऱ्याजवळ ती राहत नाही. संगणकावरील गाणे दिले तरी ते देणाऱ्याजवळ राहतेच. एका विक्रीतून हजार प्रती निघाल्या तर गायकाने, वादकाने, संगीतकाराने जगावे कसे? हा आक्षेप खोटा नाही, आणि कलावंताच्या मोबदल्याची चेष्टा करणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. परंतु कुलपाने तो मोबदला खरोखर राखला काय? या प्रश्नाचे सर्वांत परखड उत्तर कुलूप बनविणाऱ्यानेच दिले आहे. ६ फेब्रुवारी २००७ रोजी अ‍ॅपलचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी 'थॉट्स ऑन म्युझिक' या नावाचे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखवून दिले की, २००६ साली इंटरनेटवरील सर्व दुकानांनी मिळून कुलूपबंद गाणी विकली ती दोनशे कोटींहून कमी, आणि त्याच वर्षी याच ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सीडींच्या रूपाने कुलपावाचून विकली ती दोन हजार कोटींहून अधिक. तसेच, विकलेले आयपॉड आणि विकलेली गाणी यांचे प्रमाण काढता एका आयपॉडवर सरासरीने आयट्यून्सची बावीसच गाणी पडतात. समोरचा दरवाजा सताड उघडा ठेवून मागच्या खिडकीला गज लावावेत आणि खिडकीतून येणाऱ्याकडून गजांचे पैसे घ्यावेत, असा हा बंदोबस्त होता. शिवाय गाणे सीडीवर उतरवून तीच सीडी पुन्हा संगणकात घातली की कुलूप आपोआप गळून पडे, आणि ही वाट कंपनीनेच ठेवलेली होती. ज्याला चोरी करावयाची त्याला हे कुलूप अडवीत नव्हते. ते अडवीत होते त्याला, ज्याने पैसे दिले आणि ज्याचा संगणक बिघडला.

जॉब्ज यांच्या या निवेदनास निव्वळ सत्यप्रेमाचे प्रमाणपत्र देण्याची आवश्यकता नाही. नॉर्वेच्या ग्राहक-लोकपालाने त्याच वर्षीच्या जानेवारीत या कुलपाविरुद्ध मत दिले होते, युरोपातील अन्य देशांतही कुरबूर वाढत होती, आणि आयट्यून्सची कुलूपबंद गाणी आयपॉडवाचून दुसऱ्या कोणत्याही वादनयंत्रावर वाजत नसल्यामुळे हे कुलूप गायकापेक्षा आयपॉडचेच अधिक रक्षण करते, असा आरोप अमेरिकेतही होत होता. त्यावरचा खटला बरीच वर्षे रेंगाळला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये ज्यूरीने अ‍ॅपलच्या बाजूने निकाल दिला. निकाल काहीही असो, दुकानदाराने लावलेले कुलूप दुकानदाराच्याच दुसऱ्या मालाची विक्री वाढवीत असेल तर त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचा ग्राहकास अधिकार आहे.

पुढे जे घडले त्याने वादाचा निर्णय जवळजवळ लावूनच टाकला. २००७ च्या मे महिन्यात ईएमआय कंपनीची गाणी कुलपावाचून मिळू लागली, त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने मुक्त एमपीथ्री गाण्यांचे दुकान उघडले, आणि ६ जानेवारी २००९ रोजी उरलेल्या मोठ्या कंपन्यांनीही आयट्यून्सवरील कुलूप काढण्यास मान्यता दिल्याचे जाहीर झाले. आकाश कोसळले नाही. मुक्त गाण्यांचीही विक्री होतच राहिली. ज्यांनी आधी कुलूपबंद गाणी घेतली होती त्यांना ती मुक्त आणि अधिक सुस्पष्ट रूपात हवी असल्यास दर गाण्यामागे ३० सेंट द्यावे लागत. ध्वनीची प्रत सुधारली होती, म्हणून काही रक्कम मागणे समजू शकते. पण एकदा विकलेल्या वस्तूवरील आपलाच अंकुश काढून घेण्याबद्दल वेगळी आकारणी करणे यात एक थंड धिटाई आहे, आणि तिची फारशी चर्चा झाली नाही याचे मला आजही नवल वाटते.

दप्तर परक्याच्या हाती असण्याचा खरा अर्थ मात्र ज्या वर्षी कुलपे निघू लागली होती त्याच सुमारास, दुसऱ्या दुकानांच्या ग्राहकांना कळला. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक हे आपले दुकान आधीच बंद केले होते. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने जुन्या ग्राहकांस कळविले की, ३१ ऑगस्टनंतर किल्ल्या देणारे सर्व्हरही थांबविण्यात येतील. त्या तारखेस जे संगणक अधिकृत असतील त्यांवर गाणी वाजत राहतील, परंतु त्यानंतर नवा संगणक अधिकृत करता येणार नाही. म्हणजे गाण्याचे आयुष्य त्या दिवशी हाती असलेल्या यंत्राच्या आयुष्याएवढे, आणि यंत्रावरील विंडोज बदलले तर तेवढेही नाही. ओरड झाली, आणि सर्व्हर २०११ च्या अखेरपर्यंत चालू ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. २००८ मध्येच याहूनेही आपल्या संगीताच्या दुकानाच्या किल्ल्या सप्टेंबरअखेर बंद करण्याचे जाहीर केले आणि मग ग्राहकांना भरपाई देऊ केली. वॉलमार्टने तशीच नोटीस काढून नंतर ती मागे घेतली. या तिन्ही कंपन्या बुडालेल्या नव्हत्या. एका लहान दप्तराचा खर्च त्यांना जड झाला असेल असेही नाही. ते दप्तर त्यांच्या कामाचे उरले नव्हते, इतकेच. कंपनीच्या दृष्टीने जो एक निरुपयोगी सर्व्हर, तोच कोणाच्या तरी वर्षानुवर्षे जमविलेल्या संग्रहाचा एकमेव प्राणवायू होता. आणि ग्राहकाच्या हाती काय होते? सीडीवर उतरवून ठेवा, हा सल्ला. म्हणजे ज्या कुलपाच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप केला ते मोडण्याची तोंडी परवानगी.

कोणी म्हणेल की, गाणी मुक्त झाली, आता तर लोक गाणी विकतही घेत नाहीत, महिन्याचे भाडे भरून ऐकतात. तेव्हा हा जुना वाद उकरण्यात हशील काय? भाड्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. भाडे थांबले की गाणे थांबते हे भाडेकरूस ठाऊक असते, आणि तो उघड व्यवहार विक्रीच्या बुरख्यातील भाड्यापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटतो. परंतु विक्री अजून चालूच आहे. अ‍ॅपलच्या त्याच दुकानात चित्रपट विकत मिळतात आणि त्यांना कुलूप आहे. २०१९ मध्ये मॅक संगणकांवरील आयट्यून्सची जागा निरनिराळ्या सॉफ्टवेअरनी घेतली, तरी पाच संगणकांची मर्यादा आणि वर्षातून एकदाची सोय जशीच्या तशी राहिली. ई-पुस्तकांची अनेक दुकानेही याच तत्त्वावर चालतात. अ‍ॅमेझॉनने २००९ च्या जुलैत ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती, त्या विकण्याचा हक्क विक्रेत्याला नव्हता म्हणून, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. नेमकी तीच कादंबरी निघावी, हा योगायोग एखाद्या नाटककाराने रचला असता तर तो भडक म्हणून टीकाकारांनी कापला असता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पुस्तकेही गेली. पैसे परत मिळाले. पैसे परत मिळाले, हे चांगलेच झाले. पण समासांत टिपणे करीत वाचलेले पुस्तक ज्याच्याकडून परत घेतले जाते, त्याला परताव्याची पावती पाहून समाधान वाटावे ही अपेक्षा हिशेबनिसाची आहे.

भारतात आयट्यून्सचे दुकान उघडले ते डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे गाण्यांची कुलपे निघून गेल्यावर. त्यामुळे अधिकृत संगणकांच्या जाचाचा खरा अनुभव अमेरिकेत गेलेल्या आपल्या लोकांनी आधी घेतला, आणि येथे तो मुख्यतः चित्रपटांपुरता आला. मात्र त्याच वर्षी आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ६५अ हे कलम आले, आणि त्याच्या घडणीचे कौतुक केले पाहिजे. कुलूप मोडणे हा अमेरिकेत बहुधा स्वतःच अपराध ठरतो. आपल्या कलमाने स्वामित्वहक्काचा भंग करण्याच्या उद्देशाने ते मोडणाऱ्यासच दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस व दंडास पात्र धरले आहे. उद्देश विचारात घेणारा कायदा माणसाकडे माणूस म्हणून पाहतो. उणीव एवढीच की, कुलूप लावणाऱ्याने काय करावे याविषयी तो मुका आहे.

आणि वारसाचे काय? आईवडिलांच्या पश्चात पेटीभर तबकड्या मुलांकडे येतात, त्यासाठी कोणाची संमती लागत नाही. खात्यावरील मालाची गोष्ट निराळी. अ‍ॅपलने २०२१ च्या अखेरीस मृत व्यक्तीच्या खात्यातील छायाचित्रे, पत्रे इत्यादी तिने नेमलेल्या माणसास मिळण्याची व्यवस्था केली, आणि ती करताना विकत घेतलेले संगीत, चित्रपट व पुस्तके त्यातून स्पष्टपणे वगळली. हयातीत विकून टाकण्याची वाटही खुली नाही. वापरलेली संगणकीय गाणी पुनर्विक्रीस ठेवणाऱ्या रीडिजी या कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निर्णय दिला, कारण गाणे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना नवी प्रत निर्माण होते आणि १९०८ चे तत्त्व नव्या प्रतीस लागू नाही. एका वर्षाने युरोपीय न्यायालयाने ई-पुस्तकांविषयी जवळपास तसेच ठरविले. कायद्याच्या अक्षरास धरून हे निर्णय कदाचित बिनचूक असतील. परंतु त्यांचा परिणाम असा की, १९१७ साली व्हिक्टर कंपनीला जे साधले नाही ते तिच्या वारसदारांना, माल अदृश्य झाल्यामुळे, आयते साधले.

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये एक कायदा केला आणि तो २०२५ च्या आरंभापासून लागू झाला. त्यान्वये असा माल विकताना तो परवान्यावर दिला जात आहे हे ग्राहकास स्पष्ट सांगावे लागते. सांगणे हे न सांगण्यापेक्षा केव्हाही बरे. पण अटींच्या लांबलचक कागदाखाली आणखी एक ओळ आली म्हणून अटी न्याय्य होत नाहीत, आणि दुसरे दुकानच नसेल तर जाणून सही करणारा व न जाणता सही करणारा या दोघांची अवस्था एकच. कायद्याने हात घालावयाचा तर तो दप्तरालाच घालावा. पूर्ण किंमत घेतली असेल तर आपले कोणते संगणक अधिकृत आहेत ही यादी ग्राहकास नावनिशीवार पाहावयास मिळावी, आणि तीतून कोणतेही नाव, यंत्र हाती असो वा नसो, केव्हाही वगळण्याचा हक्क त्यास असावा. वर्षातून एकदाच ही अट कशासाठी, याचे एक पटणारे कारण अद्याप माझ्या वाचनात नाही. खातेदार वारला तर वारसदाखल्यावर खाते वारसाच्या नावे चढावे. आणि किल्ल्या देण्याचे काम ज्या दिवशी कंपनी थांबवील, त्या दिवसापूर्वी तिने विकलेल्या प्रत्येक प्रतीचे कुलूप स्वखर्चाने काढून द्यावे, आणि याची हमी दुकान उघडतानाच, दुकान चालते असताना, लिहून घेतली जावी; कारण दुकान बंद करणाऱ्याच्या औदार्यावर विसंबून राहिलेल्यांना २००८ साली आधी तारीख मिळाली, मग मुदतवाढ मिळाली, आणि २०११ च्या डिसेंबरात तीही संपणार होती.